पाडायचं की सावरायचं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले की घर जुनं झालं एवढ्याच कारणासाठी ते पाडू नका, आणि त्यावर पत्रांचा असा काही पाऊस पडला की यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवावे लागले. काही पत्रं चिडलेली होती, काही घाबरलेली. बहुतेक पत्रांत मला एकच गुंता दिसला, तो आधीच सांगते म्हणजे पुढची उत्तरं वाचायला सोपी जातील. "घर टिकेल का" आणि "घर पुरेल का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करून एकाच वाक्यात विचारतात. पहिल्याचं उत्तर हातोडी आणि तपासणी देते, दुसऱ्याचं उत्तर घरातल्या माणसांनी एकत्र बसून टेप लावून काढायचं असतं. खोल्या कमी पडतात म्हणून स्लॅबला दोष देणारी पत्रं पण आलीत आणि स्लॅब खरोखर गेलाय पण आम्हाला जागा भरपूर आहे म्हणून काही करायचं नाही अशीही.

नमस्कार ताई, आमचं घर ४५ वर्षांचं आहे, तळमजला आणि वर एक मजला, विटांच्या भिंती, सिमेंटचा स्लॅब. दोन वर्षांपासून वरच्या बेडरूमच्या आणि बाथरूमच्या छताचा गिलावा पडतोय, दोन ठिकाणी गंजलेल्या सळया दिसतात. दादा म्हणतो आता यात पैसे घालणं म्हणजे पाण्यात घालणं, पाडून नवीन बांधू. मला वाटतं दुरुस्ती होईल. दोघांनी आपापले कंत्राटदार आणले आणि ज्याने आणला त्याचंच म्हणणं त्या त्या कंत्राटदाराने बरोबर ठरवलं. आता कोणाचं ऐकायचं? (दोन भावांतला धाकटा)

दोघांचंही नका ऐकू. ज्याला नवीन बांधकाम मिळणार तो दुरुस्ती होईल असं कशाला सांगेल, आणि दुरुस्तीवाला तरी पाडा म्हणून स्वतःचं काम कशाला घालवेल. तपासणारा माणूस असा पाहिजे ज्याला पुढच्या कामातून एक पैसा मिळणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला, म्हणजे इमारतीची ताकद तपासणाऱ्या इंजिनिअरला, फक्त तपासणीची फी द्या, रिपोर्ट लेखी घ्या, आणि त्या रिपोर्टवर दोघा भावांनी बोला, कंत्राटदारांच्या तोंडाकडे बघून नाही.

आता गिलावा का पडतो ते बघू, कारण ते कळलं की निम्मा निर्णय होतो. काँक्रीट नवीन असताना त्यात खूप अल्कली असते, म्हणजे ते आम्लाच्या अगदी उलट गुणाचं असतं, पीएच १२-१३ च्या आसपास, आणि त्या वातावरणात सळईवर एक पातळ थर बसलेला असतो जो तिला गंजू देत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरतो आणि बाहेरून आत ती अल्कली संपवत जातो. हे अल्कली संपणं सळईपर्यंत पोचलं की सळईचं कवच गेलं, मग पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलतो, आधी सळईच्या रेषेत चीर पडते, मग पोकळ आवाज येतो आणि मग एक दिवस पोपडा खाली. म्हणजे तुमच्याकडे दिसतंय ते सगळ्यात शेवटचं लक्षण आहे, आजार जुना आहे. बाथरूमच्या खालचा आणि वरचा भाग आधी जातो कारण तिथे पाणी कायम असतं.

एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगते. कार्बन डायऑक्साइडचं हे आत शिरणं एकसारख्या वेगाने होत नाही, जसजसं खोल जातं तसतसं मंदावतं, साधारण हिशोब असा की २० वर्षांत २० मिलिमीटर आत गेलं असेल तर ४० मिलिमीटरला पोचायला एकूण ८० वर्षं लागतील. म्हणून ज्या घरात सळईवर काँक्रीटचं आवरण नीट ठेवलं होतं ते घर निवांत असतं, आणि ज्या गवंड्याने सळया थेट फळ्यांवर टेकवून काँक्रीट ओतलं तिथे २५ वर्षांतच रडारड. वयावरून काही कळत नाही ते यामुळे. शेजारशेजारच्या दोन खोल्यांत पण फरक असू शकतो कारण त्या दिवशी कामावर माणूस वेगळा होता.

तपासणीत काय काय मागायचं ते लिहून ठेवा. पहिलं म्हणजे हातोडीने ठोकून पूर्ण छत तपासणं, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट ही, जिथे आवाज भदभद येतो तिथे खडूने गोल करायचे आणि शेवटी खाली उभं राहून बघायचं की छताचा किती भाग खडूने भरलाय. दुसरं, काँक्रीट थोडं फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण शिंपडायचं, जिथे अल्कली शिल्लक आहे तिथे गडद गुलाबी होतं, जिथे गेलीय तिथे रंग येत नाही, लहान मुलाला पण कळेल इतकं स्पष्ट दिसतं. तिसरं, हाफ सेल टेस्ट, सळईला वायर जोडून काँक्रीटवरून व्होल्टेज मोजतात, कॉपर सल्फेटच्या सेलवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. मग अल्ट्रासॉनिक टेस्ट, त्यात आवाजाची लहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते बघतात, सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर ठीक, ३ च्या खाली असेल तर शंका घ्या. रिबाउंड हॅमर म्हणून एक स्प्रिंगचं यंत्र असतं ते पण मारतील, पण फक्त त्याच्यावर रिपोर्ट करून दिला तर घेऊ नका, कारण ते वरवरचा कडकपणा मोजतं आणि गंमत म्हणजे ज्या काँक्रीटची अल्कली गेलीय त्याचा पृष्ठभाग जास्त कडक होतो, म्हणजे आजारी काँक्रीटला चांगले मार्क मिळतात. शंका राहिलीच तर कोअर काढायचे, म्हणजे काँक्रीटचा गोल दांडा कापून तो दाबून फोडून बघतात. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नाही, तर काँक्रीट स्वीकारायला हरकत नाही असं धरतात.

आणि सळई. उघडी पडलेली सळई वायर ब्रशने घासून चकचकीत करा आणि व्हर्नियरने, म्हणजे बारीक अंतर मोजायच्या सरकत्या पट्टीने, जाडी मोजा, हे तुम्ही स्वतः पण करू शकता. ८ मिलिमीटरची सळई घासल्यावर ७ भरली तर ऐकायला एकच मिलिमीटर वाटतो पण ताकद क्षेत्रफळावर असते, म्हणजे जवळजवळ पाव भाग गेला. एवढं गेलं की नुसता लेप लावून चालत नाही, शेजारी नवीन सळई जोडावी लागते.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त फसवणूक कुठे होते तर "पॅच मारून देतो" मध्ये. पोपडा पडला तेवढाच भाग साफ करून वरून मसाला थापला की वर्ष दीड वर्षात त्याच पॅचच्या कडेने नवीन गंज सुरू होतो. आधी तो पडलेला भाग गंजून गंजून शेजारच्या सळईला नकळत वाचवत असतो, तुम्ही तो दुरुस्त केला की शेजाऱ्याची पाळी येते. म्हणून नीट काम म्हणजे आवाज पोकळ येतो तिथपर्यंत सगळं फोडायचं, सळईच्या मागे पण बोटभर जागा मोकळी करायची, सळई पूर्ण घासायची, गंजरोधक लावायचं, पॉलिमरचा मॉर्टर, म्हणजे चिकट रसायन मिसळलेला सिमेंटचा मसाला, भरायचा, आणि हे सगळं करायच्या आधी वरून येणारं पाणी बंद करायचं. पाणी बंद न करता खालून केलेली दुरुस्ती मी तरी टिकलेली बघितली नाही.

मी या कामात नवीन होते तेव्हा एका घराचं छत बघून सरळ सांगून टाकलं होतं की पाडा, सळया लोंबत होत्या अगदी. मालकांनी ऐकलं नाही, दुसऱ्याकडून टेस्ट करून घेतली, तर बाथरूमच्या वरचा एक पट्टा सोडला तर बाकी स्लॅब ठणठणीत निघाला. तेवढा पट्टा तोडून नवीन टाकला, काम संपलं. तेव्हापासून मी डोळ्याने बघून मत देणं बंद केलं.

दादांच्या बाजूचं पण सांगते नाहीतर पत्र दाखवून भांडाल. रिपोर्टमध्ये जर निम्म्याहून जास्त स्लॅब पोकळ निघाला, किंवा गंज स्लॅबपुरता न राहता बीम आणि कॉलममध्ये पोचलाय, किंवा काँक्रीटमध्ये क्लोराइड निघालं, म्हणजे बांधताना खारट वाळू किंवा खारं पाणी वापरलं होतं, तर दादा बरोबर आहेत. क्लोराइड सगळ्यात वाईट कारण ते प्रत्येक इंचात मिसळलेलं असतं, त्याला कुठे कुठे पॅच मारणार. तुमच्या घराच्या भिंती विटांच्या आहेत हे लक्षात ठेवा, भिंती आणि पाया चांगला निघाला तर फक्त स्लॅब बदलायचा तिसरा पर्याय पण असतो, तो तुमच्या दोघांपैकी कोणाच्याच कंत्राटदाराने सांगितला नाही असं पत्रावरून दिसतंय.

भिंतीला तिरकी भेग गेलीय, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांसारखी. बघायला आलेले सगळे म्हणतात पाया खचला, आता घर गेलं. खरंच पाडावं लागेल का?

भेग किती रुंद आहे ते लिहिलंच नाही तुम्ही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती वाढतेय का ते. पायऱ्यांसारखी तिरकी भेग म्हणजे पायाचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खाली गेला हे बघणाऱ्यांचं म्हणणं बहुतेक बरोबर आहे, पण तो ३० वर्षांपूर्वी जाऊन थांबलाय की अजून चाललाय हे बघून कोणी सांगू शकत नाही. थांबलेली भेग म्हणजे जुनी जखम, भरून टाका आणि विसरा.

भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना इपॉक्सीने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. हलली तर काच फुटेल. त्याहून बरं म्हणजे भेगेच्या दोन बाजूंना दोन बारीक खिळे ठोका आणि त्यांच्यातलं अंतर दर महिन्याला व्हर्नियरने मोजून वहीत लिहा, कारण काच फक्त हललं एवढंच सांगते, किती आणि कुठल्या दिशेला ते वही सांगते. हे वर्षभर करायचं, पाऊस आणि कोरडे दिवस दोन्ही त्यात आले पाहिजेत. चिकणमातीची जमीन ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते, त्यावरची घरं दरवर्षी भेगा उघडतात आणि मिटतात, अशा घराचा पाया खचलेला नसतो, तो श्वास घेत असतो. तिथे उपाय म्हणजे पायाजवळ पाणी साचू न देणं, गळका ड्रेनेज पाइप दुरुस्त करणं, भिंतीला चिकटून वाढलेलं मोठं झाड असेल तर माणूस बोलावून विचारणं. झाड एकदम तोडू नका हा, वर्षानुवर्षं ते जमिनीतलं पाणी शोषत होतं, तोडल्यावर तीच माती फुगून भिंत वर उचलू शकते.

रुंदीचं म्हणाल तर ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची एक वर्गवारी बरीच वापरली जाते, १ मिलिमीटरपर्यंत रंगकामाचा विषय, ५ पर्यंत भरून काढता येतं, ५ ते १५ मध्ये विटा काढून बसवाव्या लागतात आणि दारं खिडक्या अडकायला लागतात, २५ च्या वर गेलं की भिंत पडायची भीती धरायची. घरात कुठलं दार आता आता घासायला लागलंय का ते बघा, दार भेगेपेक्षा आधी सांगतं.

आजोबांचं घर आहे, चुन्यात बांधलेल्या जाड दगडी भिंती, लाकडी तुळया, वर लाकडी माळा. दहा वर्षांपूर्वी आम्ही आतून बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं आणि तेव्हापासून भिंती ओल्या राहतात, रंग टिकत नाही, एका तुळईचं टोक भुसभुशीत लागतंय. सगळे म्हणतात चुन्याचं घर किती दिवस टिकणार, पाडा. (नातू)

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे की, "तेव्हापासून" हा शब्द परत वाचा. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, तिचं कामच तसं आहे. पाया ओला असला तरी ओल वर चढते आणि भिंतीच्या अंगातून बाहेर उडून जाते. तुम्ही दोन्ही बाजूंनी सिमेंट लावून तिचं तोंड बंद केलं, आता ओल बाहेर जायला जागा नाही म्हणून आणखी वर चढते आणि जाताजाता तुळईच्या टोकाला भिजवते, कारण तुळईचं टोक भिंतीत गाडलेलं असतं. चूक तुमची नाही, सगळेच करतात, सिमेंट म्हणजे मजबूत असं डोक्यात बसलंय. पण जोडकामाचा मसाला दगडापेक्षा मऊ असायला पाहिजे, म्हणजे भेग पडलीच तर सांध्यात पडते, दगडात नाही.

सिमेंटचा गिलावा उतरवा, निदान जोत्यापासून छातीपर्यंत तरी, आणि बाहेर पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार करा. मग थांबा. हे थांबणं कोणाला जमत नाही. जाड भिंत सुकायला २५ मिलिमीटरला एक महिना असा ठोकताळा आहे, म्हणजे दीड फुटाची भिंत असेल तर दीड वर्ष. तोपर्यंत वर काही लावू नका, लावायचं झालं तर चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग. भिंतीवर पांढरे क्षार फुटतील, ते कोरड्या ब्रशने झाडायचे, धुवायचे नाहीत, धुतले की परत आत जातात.

तुळईला स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. चांगल्या लाकडात टोक मिलिमीटर दोन मिलिमीटर जातं आणि अडतं, कुजलेल्यात लोण्यात गेल्यासारखं जातं. साधारण कुजणं टोकाच्या हातभर भागात असतं, बाकी तुळई शाबूत असते, तर तेवढं टोक कापून नवीन लाकूड किंवा लोखंडी पट्ट्या लावून जोड देता येतो, चांगला सुतार आणि इंजिनिअर दोघं लागतात याला. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या वर राहिलं तर कुजणं आणि कीड दोन्ही येणार, खाली ठेवलं तर तेच लाकूड अजून पिढ्या काढेल. वाळवी पण पाण्याच्याच मागे येते हे विसरू नका, औषध मारून पाणी तसंच ठेवलं तर औषधवाल्याला परत बोलवायची तयारी ठेवा.

तुमचं घर पाडायचं मला एकही कारण दिसत नाही. मात्र भिंती जाड असल्या तरी एकमेकींना आणि माळ्याला बांधलेल्या आहेत का ते बघून घ्या. भूकंपात अशा घरांच्या भिंती बाहेर कोसळतात कारण त्यांना धरून ठेवणारा पट्टा नसतो. तो नंतर घालता येतो, माळ्याच्या पातळीला टायरॉड, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींना बांधून धरणारी लोखंडी सळई, टाकून. ते काम कुठल्याही गिलाव्याच्या आधीचं.

जुन्या घरावर अजून एक मजला चढवायचा आहे. पाया मजबूत आहे असं बांधणाऱ्या मिस्त्रींनी तेव्हा सांगितलं होतं. चालेल ना?

मिस्त्रींच्या शब्दावर नाही चालणार. पाया उघडून बघावा लागतो, दोन तीन ठिकाणी खड्डा घेऊन, रुंदी खोली मोजून आणि खालची माती तपासून. वजनाचा अंदाज देते, ९ इंची विटांची ३ मीटर उंच भिंत प्रत्येक मीटर लांबीला साधारण १.३ ते १.४ टन भरते. वर स्लॅब, फरशी, माणसं, सामान. आणि १००० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे बरोबर एक टन, ती लोक गच्चीच्या मध्यात कुठेही ठेवतात. आणखी एक, दर वेळी गळती झाली की जुना थर न काढता त्यावर नवीन कोबा घालतात, असे तीन थर झालेली गच्ची मी बघितलीय, त्या घरावर अर्धा मजला न बांधताच चढलेला होता. मजला हवाच असेल तर वरच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या किंवा स्टीलच्या सांगाड्यावर हलक्या छताच्या करता येतात, पण तरी आधी खड्डा.

घर चांगलं आहे, गळत नाही, भेगा नाहीत. पण आता आम्ही तीन पिढ्या एकत्र राहतो, दोनच खोल्या मोठ्या, बाकी अंधाऱ्या, एकच बाथरूम. रिनोव्हेशनचं कोटेशन मागवलं तर ते नवीन बांधकामाच्या जवळ जातंय. मग नवीनच का बांधू नये? (घरातली सून)

हा "पुरेल का" चा प्रश्न आहे आणि तुम्ही तो छान वेगळा काढून विचारलाय.

आधी दोन कोटेशन खरंच शेजारी ठेवता येतात का बघा. नवीन बांधकामाच्या कोटेशनमध्ये जुनं पाडणं आणि मलबा उचलणं असतं का, परवानगीची फी, आर्किटेक्ट, तोपर्यंत दुसरीकडे राहायचं भाडं, दोनदा सामान हलवणं, नवीन वायरिंग आणि पाण्याची जोडणी, कंपाउंड? बहुतेक वेळा नसतं, चौरस फुटाचा दर लिहिलेला असतो फक्त. आणि रिनोव्हेशनच्या कोटेशनमध्ये उलट होतं, भिंत उघडल्यावर काय निघेल ते माहीत नसल्याने कंत्राटदार एकतर भीतीपोटी जास्त लावतो किंवा कमी लावून नंतर वाढवतो. मी नवीन कामाला १० टक्के आणि जुन्या कामाला किमान २० टक्के बाजूला ठेवायला सांगते, आणि तरीही जुन्यात कधीकधी ते पुरत नाहीत. एवढं सगळं धरूनही दुरुस्ती नव्याच्या सत्तर टक्क्यांच्या पुढे गेली तर नवीन बांधायचा विचार मनापासून करावा असं माझं मत, नियम नाही.

पण त्याआधी एक काम करा, ज्या कार्यालयातून बांधकामाची परवानगी मिळते तिथे जाऊन विचारा की आज या जागेवर किती बांधायला मिळेल. जुन्या घराला जुने नियम होते. आज रस्त्यापासून आणि शेजाऱ्यापासून जी जागा सोडावी लागेल ती सोडल्यावर नवीन घर जुन्यापेक्षा लहान होणार असेल तर? असं होतं, आणि लोकांना ते पाडून झाल्यावर कळतं. उलट, जास्त मिळत असेल तर तो पाडण्याच्या बाजूचा मोठा मुद्दा झाला. भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल तर ती पाडताना त्याचं घर कशावर उभं राहणार हे पण त्याच फेरीत विचारून घ्या.

तिसरं, सगळं बदलायची गरज आहे का. तुम्हाला हव्यात एक बाथरूम, एक खोली आणि उजेड. फ्रान्समध्ये लाकाटोन आणि वासाल म्हणून दोघं आर्किटेक्ट आहेत, २०२१ चं प्रिट्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं सगळ्यात मोठं पारितोषिक, मिळालं त्यांना, त्यांनी बोर्दो शहरात ५३० घरांच्या जुन्या इमारती पाडायच्याऐवजी बाहेरून नवीन सांगाडा उभा करून प्रत्येक घराला एक काचेची रुंद खोली आणि बाल्कनी जोडली, आणि लोक काम चालू असताना तिथेच राहत होते. तुमच्याकडे बाजूला जागा असेल तर हाच विचार लहान प्रमाणात होतो, शेजारी स्वतःच्या पायावर नवीन भाग उभा करायचा आणि जुन्याला नुसता खेटून ठेवायचा, मध्ये सांधा मोकळा सोडून. सांधा का, तर नवीन पाया पहिली काही वर्षं बसत राहतो आणि जुना बसून झालेला असतो, दोघांना घट्ट जोडलं की जोडावर भेग ठरलेली. आणि नवीन पायाचा खड्डा जुन्या पायाच्या खाली नेऊ नका, जुन्याची माती सुटते.

अंधाऱ्या खोल्यांसाठी भिंत काढायची असेल तर कुठली भिंत वजन घेते ते आधी ठरवून घ्या, मग तिथे वरचं वजन पेलणारी आडवी पट्टी (लिंटल) किंवा बीम टाकून उघडता येते. विटांच्या घरात "ही भिंत काही नाही, पार्टिशन आहे" असं म्हणून काढलेल्या भिंतींनी माझं निम्मं करिअर चालवलंय.

जाताजाता, जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. उभा असलेला चांगला पाया आणि भिंती म्हणजे तो खर्च होऊन गेलेला आहे. यावर निर्णय घ्या असं म्हणत नाही, पण हिशोबात एक ओळ याची पण असू द्या.

छतावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, तेवढे काढून बाकी घर तसंच ठेवायचं आहे. पोरं म्हणतात आम्हीच रविवारी काढतो.

पोरांना थांबवा. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे बारीक धाग्यांचं एक खनिज, असायची शक्यता खूप आहे, अख्खा पत्रा वर पडून असतो तोपर्यंत फार त्रास नाही, पण फोडला, कापला, घासला की धागे हवेत जातात आणि ते फुफ्फुसात गेले की आजार तीस चाळीस वर्षांनी दिसतो. ते काढणारे प्रशिक्षित लोक असतात, ओले करून, न फोडता, अख्खे उतरवतात आणि गुंडाळून वेगळे नेतात. शिवाय अशा पत्र्यावर पाय देऊन लोक खाली पडतात ते वेगळंच.

ताई, आमच्या घराचा रिपोर्ट आलाय, दुरुस्ती शक्य नाही असं स्पष्ट लिहिलंय. कॉलम गेलेत. पण बाबा ८१ वर्षांचे आहेत, ते म्हणतात मी असेपर्यंत घराला हात लावायचा नाही. आई काहीच बोलत नाही. (मुलगी)

रिपोर्ट बाबांना कोणी वाचून दाखवलाय का, की "इंजिनिअर म्हणाला पाडा" एवढंच सांगितलंत? म्हातारी माणसं घाबरट नसतात, त्यांना कोणी धरून सांगत नाही म्हणून अडून बसतात. ज्याने रिपोर्ट केला त्यालाच घरी बोलवा, बाबांना खुर्ची घेऊन कॉलमजवळ बसवा आणि त्याला ठोकून दाखवू द्या, सळई दाखवू द्या. मी असं दोन तीन घरांत केलंय, एका आजोबांनी शेवटी मलाच विचारलं की अहो मग तुम्ही इथे का उभ्या आहात.

दुसरं म्हणजे त्यांना नक्की काय जाऊ द्यायचं नाहीये ते विचारा. पूर्ण घर क्वचित असतं. खिडकीतून दिसणारं काही, बसायची जागा, एखादं दार, पायरी. ते मोजून घ्या, खरंच टेप लावून, उंची रुंदी दिशा सगळं, फोटो काढा, आणि आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत द्या. जुनं दार, चौकटी, फरशी, चांगलं लाकूड उतरवून नवीन घरात बसवता येतं, फक्त पाडणाऱ्याशी आधी लिहून ठरवावं लागतं नाहीतर भंगारात जातं. राहायची सोय शक्यतो एकदाच करा, जवळच, त्यांच्या फिरण्याच्या वाटेवर, काम लांबलं म्हणून मधेच दुसरीकडे हलवणं या वयात नको.

आईला वेगळं विचारा, बाबा समोर नसताना.

आणि हे सगळं बोलणं व्हायला महिने लागतील, तोपर्यंत घर आहे तसं उभं ठेवू नका. इंजिनिअरला सांगून खराब कॉलमच्या भोवती लोखंडी टेकू लावून घ्या, टेकू खाली कशावर टेकणार ते पण त्याच्याकडूनच लिहून घ्या, गच्चीवरची टाकी रिकामी करून खाली उतरवा, आणि ज्या खोलीचा कॉलम सगळ्यात वाईट आहे तिथलं झोपणं बंद करा. यासाठी बाबांची परवानगी मागत बसू नका, उद्याच करा.